ओळखीचा पहारा : डिलाईल रोड, भिवंडी आणि पोलीस-रहिवासी सहकार्याचा इतिहास

१/ ‘डिलाईल रोड’ हे नाव सरकारी पाटीवरून जाऊन कित्येक वर्षे लोटली. रस्त्याच्या पाटीवर आता ‘ना. म. जोशी मार्ग’ आहे आणि पोलीस ठाण्याच्या फलकावरही तेच नाव आहे. तरी लोअर परळच्या परिसरातला जुना माणूस अजून डिलाईल रोडच म्हणतो. मित्रहो, आजचा थ्रेड या रस्त्यापासून सुरू होतो आणि एका जुन्या प्रश्नापाशी जातो : वस्तीत गुन्हा घडण्यापूर्वीच तो रोखण्याचे काम पोलिसांचे की रहिवाशांचे?

२/ ‘दोघांचे मिळून’ हे उत्तर सर्वांना पाठ आहे. शाळेच्या भिंतीवर, ठाण्याच्या आवारात, गणेशोत्सवाच्या मंडपात ते लिहिलेले असते. परंतु ‘मिळून’ म्हणजे नेमके कसे, याचा इतिहास कोणी सांगत नाही. माझे मत आरंभीच मांडतो. पोलीस आणि रहिवासी यांचे सहकार्य शांततेच्या काळातील नियमित ओळखीवर उभे राहते. संकटाच्या रात्री ते निर्माण करता येत नाही. आणि रहिवाशांना केवळ खबरी मानले, तर ते मुळीच टिकत नाही. गिरणगावाने आणि भिवंडीने हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकवला आहे.

३/ प्रथम त्या पाटीवरचे नाव. नारायण मल्हार जोशी (१८७९–१९५५) हे भारतातील कामगार चळवळीचे एक आद्य नेते. १९२० साली ‘आयटक’ या पहिल्या देशव्यापी कामगार संघटनेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. त्याआधी १९११ मध्ये त्यांनी ‘सोशल सर्व्हिस लीग’ स्थापन केली. परळचे दामोदर नाट्यगृह हे याच संस्थेचे. रात्रशाळा, वाचनालये, व्यायामशाळा, दवाखाने यांच्या जोडीला लीगने आणखी एक काम हाती घेतले होते, ज्याचा उल्लेख क्वचितच होतो : पोलीस कोर्टात ओढल्या गेलेल्या गरीब, निरक्षर माणसांच्या मदतीला आपली माणसे पाठवणे आणि त्यांना कायद्याचा सल्ला देणे.

४/ या कामाचा अर्थ लक्षात घ्या. गिरणी कामगाराची आणि पोलिसाची पहिली भेट बहुधा आरोपीच्या पिंजऱ्यातच होई. जोशींच्या संस्थेने त्या भेटीत एक तिसरा माणूस उभा केला, जो दोघांची भाषा जाणत होता. ‘कम्युनिटी पोलिसिंग’ हा शब्द रूढ होण्यापूर्वी कित्येक दशके मुंबईत त्याचे बीज असे पडले होते. ते पोलिसांनी नव्हे, एका नागरी संस्थेने पेरले होते, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

५/ आता थोडे मागे जाऊ. मुंबई पोलीस आपला उगम सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शोधतात. गव्हर्नर जेरल्ड ऑन्जिअर याच्या काळात बेटावरच्या चोऱ्यामाऱ्यांना आळा घालण्यासाठी ‘भंडारी मिलिशिया’ उभारली गेली. माहीम, शिवडी आणि शीव येथे तिची ठाणी होती. तिचा भार मुख्यतः बेटावरच्या जमीनधारकांवर होता. म्हणजे या शहराचा पहिला पहारा हा इथल्याच माणसांचा होता. एस. एम. एडवर्ड्स या माजी पोलीस आयुक्ताने १९२३ साली प्रसिद्ध केलेला मुंबई पोलिसांचा इतिहास १६७२ पासूनच सुरू होतो.

६/ मग १८५७ आले. त्यानंतर १८६१ चा पोलीस कायदा झाला. लंडनमध्ये १८२९ साली रॉबर्ट पीलने जे पोलीस दल उभारले, त्यामागे किमान कल्पना तरी अशी होती की पोलीस हा नागरिकांपैकीच एक असावा. भारतासाठी मात्र इंग्रजांनी आयर्लंडमधील सशस्त्र दलाचा नमुना डोळ्यांसमोर ठेवला. जिंकलेल्या लोकांवर वचक बसवणारे, बराकीत राहणारे आणि वरच्या हुकुमाला बांधलेले असे हे दल. मुंबई शहरासाठी वेगळे कायदे होते आणि १८६४ साली फ्रँक सौटर पहिला पोलीस आयुक्त झाला. पण वृत्ती तीच राहिली. पोलीस वस्तीकडे पाहत होता, वस्तीत नव्हता.

७/ ही पोकळी गिरणगावात कोणी भरली? दादांनी. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावाच्या सामाजिक रचनेचा सखोल अभ्यास केला आहे. कोकणातून, घाटावरून आलेला एकटा पुरुष गावकीच्या खोलीत राही, खाणावळीत जेवे, मुकादमाच्या शब्दावर गिरणीत लागे. त्याचे भांडण मिटवायला, उधारी वसूल करायला, चोर पकडायला आखाड्याचा वस्ताद किंवा गल्लीचा दादा असे. दादा संरक्षण देई आणि त्या संरक्षणाची किंमतही वसूल करी. संपाच्या काळात तो कधी कामगारांच्या बाजूने, तर कधी मालकाच्या बाजूने उभा राही.

८/ दादाचा पहारा आणि रहिवाशांचा पहारा यांत फरक आहे, तो विसरू नये. दादाला कोणी प्रश्न विचारू शकत नव्हते. त्याचा न्याय झटपट होता, पण त्याची नोंद नव्हती, त्यावर अपील नव्हते आणि दुबळ्या माणसाला त्यात जागा नव्हती. जुन्या गिरणगावाची आठवण काढताना ‘तेव्हा दादांचा धाक होता’ असे कौतुकाने म्हणणाऱ्यांनी तो धाक नेमका कोणाला होता, हेही विचारावे.

९/ १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन झाले. त्याच्या आद्याक्षरांवरून ‘बीडीडी’ चाळी. वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीत १२, अशा एकूण २०७. प्रत्येक चाळीत तळमजला आणि वर तीन मजले. मजल्यावर वीस, म्हणजे चाळीत ८० खोल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची. गिरगावच्या चाळीसारखी बाहेरची गॅलरी इथे नाही. मधोमध लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना दारे. दार उघडले की समोरचे घर. परका माणूस बोळात शिरला तर त्याला वीस दारांवरून जावे लागे. चाळीची सुरक्षितता म्हणतात ती ही.

१०/ पण डोळे असणे म्हणजे शहाणपण असणे नव्हे. फेब्रुवारी १९२९ मध्ये गिरणगावात एक अफवा पसरली : पठाण मुले पळवतात. काही महिन्यांपूर्वीच १९२८ चा सहा महिन्यांचा प्रचंड संप होऊन गेला होता. पठाण हे सावकार म्हणून, पहारेकरी म्हणून ओळखले जात. त्यांच्या व्याजाचा जाच अनेक कामगारांनी सोसला होता. तेल कंपन्यांच्या संपात त्यांना संपफोडे म्हणून आणले गेले, तेव्हा राग आणखी वाढला. मग कोणीतरी मुलांचा विषय काढला. ठिकठिकाणी पठाणांवर हल्ले झाले, त्यातून हिंदू-मुस्लिम दंगल पेटली आणि शंभराहून अधिक माणसे मेली.

११/ हजारो जागती दारे असताना असे का झाले? माझ्या मते कारण एकच : बातमी पडताळायची जागा नव्हती. ‘अमक्याचा मुलगा हरवला’ हे खरे की खोटे, हे ठाण्यात जाऊन विचारावे, असे कामगाराला वाटावे तरी का? गिरणीच्या दारात लाठी घेऊन उभा असलेला शिपाई त्याने नुकताच पाहिला होता. आणि ठाण्यातून येणाऱ्या खुलाशावर वस्तीने विश्वास ठेवावा, असे नाते पोलिसांनी जोडलेले नव्हते. जिथे विश्वासाचा दुवा नसतो, तिथे अफवा बिनविरोध निवडून येते.

१२/ स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबई इलाख्याने एक वेगळा प्रयोग केला. जातीय दंगलींच्या पार्श्वभूमीवर ६ डिसेंबर १९४६ रोजी मोरारजी देसाई गृहमंत्री असताना ‘होमगार्ड’ दलाची स्थापना झाली. स्वयंसेवक नागरिकाला प्रशिक्षण, गणवेश आणि कायद्याचा आधार मिळाला. प्रयोग मोलाचा होता आणि तो पुढे देशभर गेला. पण त्यात नागरिक पोलिसाचा मदतनीस झाला. वस्ती आणि ठाणे यांच्यातील संवाद मात्र जिथल्या तिथेच राहिला.

१३/ हे अंतर कायद्यातही दिसते. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात, तडीपारीची तरतूद आहे. कलम ५६ वाचून पाहा. साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे यायला तयार नाहीत, ही परिस्थिती त्या कलमात स्पष्ट शब्दांत गृहीत धरलेली आहे. शेजाऱ्यांना गुंड कोण हे ठाऊक असते, पण ते बोलणार नाहीत, अशी ही कबुली आहे. भीतीवर उपाय म्हणून गुंडाला हद्दीबाहेर घालवता येते. शेजाऱ्यांना बोलते करण्याचा उपाय मात्र कोणत्याही कलमात सापडत नाही.

१४/ इथे एक आक्षेप येईल : पोलीस आणि रहिवासी एकाच चाळीत राहिले, तर हा प्रश्न सुटेल की! बीडीडीच्या कित्येक खोल्यांत पोलीस कुटुंबे राहतच होती. मग ५ जानेवारी १९७४ आठवा. वरळीच्या बीडीडी चाळीत दलित पँथरची सभा झाली, दगडफेक झाली आणि दंगल उसळली. ती पुढे गिरणगावात पसरली. १० जानेवारीला परळमध्ये मोर्चावर जाते टाकण्यात आले आणि भागवत जाधव हा पँथरचा तरुण कार्यकर्ता ठार झाला. चाळीत राहणाऱ्या पोलिसांपैकी काहींनी एका बाजूने हात उगारल्याचे आरोप तेव्हा झाले. चौकशीसाठी न्या. भस्मे आयोग नेमावा लागला. जात दारातून आत येते, तेव्हा खाकी आणि साधा वेश यांतील फरक गळून पडतो. केवळ शेजार पुरत नाही, हे वरळीने दाखवले.

१५/ आठ वर्षांनी चित्र उलटे झाले. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते. त्याच वर्षी १५ ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावल्या. त्यांचाही पगाराचा, घराचा, वागणुकीचा प्रश्न होता. सरकारने त्यांच्या संघटनेवर कारवाई केली आणि १८ ऑगस्टला मुंबईत पोलिसांचाच उद्रेक झाला. वरळी-नायगावच्या पोलीस वसाहती पेटल्या, संपकरी कामगारही रस्त्यावर उतरले, लष्कर बोलवावे लागले. त्या दिवशी दुकाने लुटली जात असताना शहरात पोलीस म्हणून कोणी उरले नव्हते.

१६/ १९८२ चा धडा बहुतेक लेखांत शिस्तीचा म्हणून सांगितला जातो. मला तो वेगळा वाटतो. शिपाई आणि कामगार हे एकाच बोळातले, बहुधा एकाच जिल्ह्यातून आलेले, सारखीच ओढाताण असलेले लोक होते. दोघांना जोडणारी एकच गोष्ट त्या दिवशी उरली होती, ती म्हणजे संताप. संतापाने जोडलेली माणसे रस्ता अडवू शकतात, पहारा देऊ शकत नाहीत. संप विझला, गिरण्या बंद होत गेल्या, बेकारीत वाढलेले काही तरुण टोळ्यांच्या हाती लागले. त्या मुलांना वेळीच ओळखणारी अशी एकही जागा नव्हती, जिथे त्यांचे आईबाप आणि ठाण्यातला माणूस एकत्र बसतील.

१७/ गिरणगावातले कापड जिथे गेले, तिथे आता आपणही जाऊ. मुंबईच्या गिरण्या मंदावत होत्या आणि भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट वाढत होता. हे शहर मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतरच्या दंगलीत होरपळले होते. त्याची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. मे १९८४ मध्ये ते पुन्हा पेटले. ‘भिवंडी’ हा शब्दच दंगलीचा समानार्थी झाला होता.

१८/ १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. सणापूर्वी प्रतिष्ठितांना बोलावून चहा पाजणारी ‘शांतता समिती’ पूर्वीपासून होतीच. तिच्यात बसणाऱ्या पुढाऱ्यांचा वस्तीशी संबंध निवडणुकीपुरता असे, हे त्यांनी हेरले. त्यांनी शहरात सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांतील साधी माणसे होती आणि समितीचा रोजचा दुवा होता त्या भागाचा पोलीस. बैठका वर्षभर चालत. विषयही साधे असत : नळावरचे भांडण, भाडेकरूचा वाद, मुलांची मारामारी, रस्त्यावरची छेडछाड.

१९/ इथेच या प्रयोगाचे मर्म आहे. नळावरच्या भांडणाने दंगल होत नाही, असे आपण म्हणतो. परंतु भांडणारे दोन वेगळ्या धर्मांचे असतील आणि हवा तापलेली असेल, तर त्याच भांडणाची बातमी दुसऱ्या गल्लीत पोहोचेपर्यंत खून होऊन बसते. छोटी तक्रार मिटवण्यासाठी दर महिन्याला भेटणारी माणसे एकमेकांची नावे शिकली. कोणाच्या शब्दाला किती वजन द्यायचे, हे पोलिसाला कळले. आणि शिपाई शिवी न देताही बोलू शकतो, हे वस्तीला कळले.

२०/ ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत डिसेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये दंगली झाल्या. न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू होते. मुंबईपासून फार दूर नसलेली भिवंडी मात्र शांत राहिली. खोपडे यांनी यावर पुस्तकच लिहिले. त्याचे नावच प्रश्न विचारते : ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनीही हिंदू-मुस्लिम संघर्षावरील आपल्या अभ्यासात भिवंडीची दखल घेतली.

२१/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे सावध राहावे. शांततेचे कारण एकच नसते. यंत्रमागाच्या धंद्यात दोन्ही समाज एकमेकांत गुंतले होते. आधीच्या दंगलींचे नुकसान लोकांच्या स्मरणात होते. पण या गोष्टी १९८४ सालीही बऱ्याच अंशी खऱ्या होत्या आणि तेव्हा शहर जळले होते. मधल्या काळात जे नवे घडले, त्यात समित्यांचे स्थान मोठे आहे, असे मी मानतो.

२२/ मुंबईने हा धडा उशिरा घेतला. दंगलींनंतर पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि इतर नागरिकांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. रिबेरो हे नाव ओळखीचे वाटले? ऑगस्ट १९८२ मध्ये शिपायांचा उद्रेक झाला, तेव्हा मुंबईचे पोलीस आयुक्त तेच होते. ज्याने आपले दल एका सकाळी हातून निसटताना पाहिले, तोच अधिकारी दहा-अकरा वर्षांनी साध्या वेशात वस्त्यांत बसून पोलीस आणि नागरिक यांच्यातील दुवा जोडू लागला. धारावीत वकार खान आणि भाऊ कोरडे या जोडीने हे काम कसे केले, ते ‘नाता’ या माहितीपटात पाहता येते.

२३/ आता कडू भाग. ५ जुलै २००६. त्याच भिवंडीत, दफनभूमीलगतच्या वादग्रस्त जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून जमाव उसळला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले आणि त्याच रात्री दोन पोलिसांची जमावाने हत्या केली. अधिकारी बदलले होते, बैठका पातळ झाल्या होत्या. समिती हे काही एकदा बांधून ठेवायचे स्मारक नव्हे. ती नांगरटीसारखी दर हंगामाला करावी लागते. एका चांगल्या अधिकाऱ्यावर उभा असलेला प्रयोग त्याच्या बदलीच्या आदेशाबरोबर ओसरतो.

२४/ दुसरा धोका याच्या उलट दिशेचा आहे. रहिवासी स्वतःच पोलीस बनले तर? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून ठार मारण्यात आले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांच्या चालकाला जमावाने मारले. तिथेही चोरांच्या अफवा होत्या, गावकरी रात्री जागत होते. १९२९ ची अफवा ८९ वर्षांनी मोबाईलवरून आली आणि तिने तेच काम केले. जागणे ही अर्धीच गोष्ट आहे. जागणाऱ्याला खरे-खोटे विचारायला ओळखीचा माणूस नसेल, तर पहारा आणि जमाव यांत एका आरोळीचे अंतर उरते.

२५/ तमिळनाडूत ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’ ही योजना १९९० च्या दशकात मोठ्या आशेने सुरू झाली होती. जून २०२० मध्ये सातानकुळम येथे पिता-पुत्रांचा कोठडीतील छळाने मृत्यू झाला, तेव्हा या स्वयंसेवकांच्या भूमिकेवरही गंभीर आरोप झाले आणि जुलैमध्ये सरकारने योजनेवर बंदी घातली. आपल्याकडच्या ‘पोलीस मित्र’ कल्पनेचा विचार करताना हे विसरता येणार नाही. मित्र म्हणजे हातात काठी दिलेला दुय्यम शिपाई नव्हे. चुकत असेल तर मित्राला थांबवणारा, तो खरा मित्र.

२६/ आणि चाळीच्या सुरक्षिततेचे गोडवे गातानाही थोडे थांबावे. बोळातील वीस दारे चोराला पाहत होती. त्याच बोळात रात्री बायकोला मारहाण होत असली की तीच दारे ‘घरातले भांडण’ म्हणून लावून घेतली जात. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा स्वतंत्र कायदा २००५ साली आला. वस्तीतील गुन्हेप्रतिबंध म्हणजे केवळ सोनसाखळी आणि दुचाकी नव्हे. ज्या समितीत मारहाणीचा विषय निघू शकत नाही, ती समिती अर्ध्या वस्तीची आहे.

२७/ मग आज हा विषय का? कारण डिलाईल रोडचे बोळ संपत आहेत. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे मिळणार आहेत. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. तीन-तीन पिढ्या एका खोलीत काढलेल्या माणसांचा हा हक्क आहे. त्यावर हळहळण्याचा अधिकार बाहेरच्याला नाही. पण उंच टॉवरमध्ये दार बंद असते, उद्वाहनात अनोळखी माणसे असतात आणि बोळाची जागा कॅमेरा घेतो. कॅमेरा चोर दाखवतो. कोणाचा मुलगा महिनाभर कॉलेजला गेलेला नाही, हे तो सांगत नाही. एकट्या आजोबांना ‘डिजिटल अटक’ची धमकी देणारा फोन आला, तर १९३० या क्रमांकावर कळवायचे असते, हे सांगायला शेजारीच लागतो.

२८/ म्हणून माझा आग्रह चार गोष्टींचा आहे. पहिली : पुनर्वसित इमारतींच्या प्रत्येक समूहासाठी ठाण्याशी जोडलेली समिती असावी आणि तिची बैठक सण असो वा नसो, दर महिन्याला व्हावी. दुसरी : सदस्यांत स्त्रिया, भाडेकरू, सुरक्षारक्षक, फेरीवाले आणि सर्व जाती-धर्मांचे लोक असावेत, केवळ सोसायटीचे पदाधिकारी पुरणार नाहीत. तिसरी : मागच्या बैठकीतील तक्रारींचे काय झाले, हे पोलिसांनी पुढच्या बैठकीत सांगावे आणि ते लिहून ठेवले जावे. चौथी : ‘संशयित’ माणसांच्या याद्या करणे हे समितीचे काम नसावे. तसे झाले की समिती खबऱ्यांचा अड्डा बनते आणि ज्यांनी बोलायला हवे, तेच बोलेनासे होतात.

२९/ ‘पोलिसांकडे मनुष्यबळ नाही, यासाठी वेळ कुठून आणायचा?’ हा प्रश्न रास्त आहे. बंदोबस्त, मोर्चे, सण, न्यायालय यांतून शिपायाला स्वतःच्या घरी जायला फुरसत मिळत नाही. पण तासाभराच्या बैठकीचा हिशेब मांडताना समोर १९२९, १९७४ आणि १९९२ ची किंमतही मांडावी. आणि शिपायाच्या घराचा, ड्युटीच्या तासांचा प्रश्नही याच टेबलावर यायला हरकत नाही. १९८२ साली तो कुठेच मांडता आला नव्हता.

३०/ शेवटी तुमच्यासाठी एक काम, कारण हा थ्रेड वाचणारे तुम्ही बहुतेक तरुण आणि इतिहासाचे वेडे आहात. चाळीतून टॉवरमध्ये जाताना भंगारवाला बोलावला जातो. त्याच्या तराजूत चाळ कमिटीच्या इतिवृत्ताच्या वह्या, उत्सव मंडळांचे वार्षिक अहवाल, ठाण्याशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या फायली जातात. रात्रीच्या गस्तीच्या पाळ्या कोणी लावल्या, दंगलीच्या दिवसांत कोणत्या दारात कोण उभे होते, कोणाला आसरा दिला आणि कोणाला दिला नाही, हे त्याच कागदांत सापडेल. आपल्या घराशेजारची अशी एक तरी वही वाचवा, तिची छायाचित्रे काढा आणि जी माणसे हयात आहेत त्यांच्याकडून तिच्यातील नावे ओळखून घ्या. पुढची समिती बसेल तेव्हा तिच्यासमोर ही वही असली पाहिजे.